नसांच्या फोटोसाठी बोटं अडवू नका

रोवणी संपत आली होती. किरनापूरकडची एक आजी चौदा महिन्यांच्या नातवाला कडेवर घेऊन बालाघाटला माझ्या ओपीडीत आली. पोराच्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका नखापर्यंत जोडलेली होती. आजीच्या पिशवीत एक्स-रे होता, रक्ताचे रिपोर्ट होते आणि घड्या पडून मऊ झालेली एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर एकच ओळ: "सीटी अँजिओ करून मग या." आजी म्हणाली, "नसांचा फोटो आना म्हनते साहेब, त्याबिगर हात लावत नाई." फोटो नागपूरला निघणार होता आणि खर्च घरचा होता. चार महिने घरात पैसे जमवणं चाललं होतं, आणि ते चार महिने पोराची दोन बोटं एकाच खोळीत वाढत होती.

चिठ्ठी लिहिणाऱ्याचं नाव मी घेणार नाही. त्याचा हेतू वाईट होता असंही मला वाटत नाही. पण त्या एका ओळीमागे जे मत आहे ते मला आता वरचेवर ऐकू येतं: जोडलेली बोटं सोडवायची तर प्रत्येक मुलाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र आधी हातात हवं. माझा विरोध या वाक्यातल्या 'प्रत्येक' या शब्दाला आहे.

समोरच्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण ते पोकळ नाही. प्रत्येक बोटाला दोन धमन्या असतात, दोन कडांनी दोन. तळहातातून येणारी सामायिक धमनी बेचकीपाशी फुटते. तिची एक फांदी या बोटाच्या कडेला जाते, दुसरी शेजारच्या बोटाच्या कडेला. जोडलेल्या बोटांत हा फाटा कधी कधी बेचकीच्या बराच पुढे, बोटांच्या टोकाकडे सरकलेला असतो. बोटं वेगळी करताना तो वाटेत आडवा येतो आणि एक फांदी बांधून तोडावी लागते. त्या बोटाच्या दुसऱ्या कडेची धमनी जन्मतःच बारीक असली, किंवा नसलीच, तर बोट काळं पडेल. मग आधीच का बघून घेऊ नये? तान्ह्या मुलाच्या बोटाची जोखीम कशाला घ्यायची?

यातली शरीररचना बिनचूक आहे आणि भीतीही खरी आहे. चूक पुढच्या पायरीवर होते. ही भीती घालवण्याचं साधन म्हणून फोटो पुढे केला जातो, आणि फोटोला ते काम जमत नाही.

आधी शब्दाचा घोळ. आपण सगळ्यालाच नस म्हणतो. धमनी नस, शीर नस, मज्जातंतूही नस. 'नसांचा फोटो' म्हटलं की आईबापांना वाटतं, ऑपरेशनमध्ये जे जे कापलं जाऊ शकतं ते सगळं त्या फोटोत आधी कळणार. बोटाला पुढे बधिरपणा येईल की नाही, ही त्यांची मोठी धास्ती असते. अँजिओग्राफीत मज्जातंतू दिसतच नाहीत. औषध रक्तात सोडतात, म्हणून रक्त जिथून वाहतं तेवढंच दिसतं. मज्जातंतूचा फाटाही पुढे सरकलेला असू शकतो, पण त्याला भिंगाखाली उभा चिरून तळहातापर्यंत दोन भागांत सोडवता येतं. धमनी अशी उभी चिरता येत नाही. हा फरक आईबापांना कुणी समजावत नाही. त्यांच्या हातात चिठ्ठी दिली जाते.

आता ऑपरेशनच्या टेबलावर काय दिसतं ते सांगतो, कारण वादाचा निकाल तिथेच लागतो. दंडाला टूर्निकेट बांधलेलं असतं, त्यामुळे हातात नवं रक्त येत नाही. पण हात पट्ट्याने पिळून कोरडाठाक करायचा नसतो. थोडं रक्त आत राहू दिलं की धमन्या आणि शिरा रंगावरून ओळखू येतात. निळ्या-जांभळ्या शाईने आखलेल्या नागमोडी रेषेवर कातडी उघडायची. आत पिवळसर चरबीचे दाणे, त्यांच्यामधून जाणारा पांढुरका मज्जातंतू, आणि त्याला लगटून शिवणाच्या दोऱ्याएवढी धमनी. डोळ्यांवर भिंगाचा चष्मा असतो. टोकाकडून तळहाताकडे एकेक मिलिमीटर सोडवत आलं की फाटा पुढे आहे की जागेवर, ते उघड दिसतं.

फाटा आडवा आला तर फांदी लगेच तोडायची नाही. तिच्यावर आधी बारीक क्लॅम्प लावायचा आणि टूर्निकेट सोडायला सांगायचं. मग हात बाजूला घेऊन थांबायचं. तळहात आधी लाल होतो, मग बाकीची बोटं. ज्या बोटाची फांदी दाबून ठेवली आहे ते मागे रेंगाळतं. सिस्टर त्यावर कोमट सलाईन सोडते, कारण हाताळल्याने धमनी आकसलेली असते. सगळे त्या एका नखाकडे बघत असतात. नखाखाली गुलाबी रंग चढला, नख दाबून सोडल्यावर तो झटकन परतला, की कळतं, दुसऱ्या कडेची धमनी एकटी हे बोट पोसू शकते. मगच फांदी बांधायची. रंग चढला नाही तर क्लॅम्प काढून घ्यायचा, फाटा तसाच राखायचा आणि बेचकी तिथेच बसवायची. बेचकी उथळ राहते, बोट जगतं. उथळ बेचकी घेऊन माणूस आयुष्यभर धान कापू शकतो.

फोटो हे सांगू शकत नाही. वाट आहे की नाही हे फोटोत दिसतं. एक वाट बंद केल्यावर दुसरी पुरेल की नाही, हे वाट बंद करून बघितल्यावरच कळतं. म्हणून साध्या जोडबोटांत, म्हणजे फक्त कातडीने जोडलेल्या आणि एक्स-रेत हाडं वेगळी दिसणाऱ्या बोटांत, फोटो असला तरी टेबलावर हे सगळं करावंच लागतं. फोटोने माझा बेत बदलत नसेल तर तो कुणासाठी काढायचा?

माझे सहकारी यावर जे उत्तर देतात ते मला सगळ्यात विचार करायला लावतं. ते म्हणतात, चार बोटं जोडलेलं मूल बैहरच्या जंगलातून किंवा लांजीहून येतं. बापाची मजुरी बुडते. धमन्या चांगल्या आहेत हे फोटोत आधीच कळलं तर सगळ्या बेचक्या एकाच वेळी सोडवू, फेऱ्या वाचतील.

फेऱ्या वाचाव्यात हे मला शंभर टक्के मान्य आहे. या जिल्ह्याचा माणूस १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. राजधानी भोपाळला गेली, तरी आजारपणात त्याचे पाय आजही गोंदियाकडे आणि नागपूरकडे वळतात. चाळीसेक किलोमीटरवर गोंदिया आणि दीडशेहून अधिक किलोमीटरवर नागपूर. पण एका बोटाच्या दोन्ही कडा एकाच बैठकीत उघडायच्या नाहीत, हा हाताच्या शस्त्रक्रियेतला जुना नियम आहे आणि त्याला सबळ कारण आहे. फोटो दाखवतो ती ऑपरेशनच्या आधीची धमनी. ऑपरेशननंतर दोन्ही धमन्या हाताळलेल्या असतात, आकसतात, बोट सुजतं, भोवतीचं बँडेज घट्ट होतं. दोन्ही कडा एकदम दुखावल्या तर चांगल्या धमन्यांचं बोटही धोक्यात येऊ शकतं. ती सूज कुठल्याच फोटोत आधी दिसत नाही.

फेऱ्या कमी करण्याचा रस्ता वेगळा आहे आणि तो फुकट आहे. चारही बोटं जोडलेली असतील तर पहिल्या बैठकीत तर्जनी-मधलं आणि अनामिका-करंगळी या दोन बेचक्या सोडवायच्या. चारही बोटांची एकेकच कड उघडली जाते. काही महिन्यांनी मधलं-अनामिका. दोन बैठकांत हात मोकळा होतो. दोन्ही हातांना दोष असेल आणि मूल लहान असेल तर दोन्ही हात एकाच भुलेत करता येतात. पहिली तारीख रोवणीनंतर, दुसरी धान घरात आल्यावर. यासाठी सर्जनने कॅलेंडर आणि कुटुंब दोन्ही समोर ठेवून अर्धा तास बसायला हवं.

आता फोटो काढण्याची प्रत्यक्ष तऱ्हा. हाताचं आणि या तंत्राचं नातं फार जुनं आहे. राँटगेनने क्ष-किरण शोधल्यानंतर दोनच महिन्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी एका निर्जीव हाताच्या रक्तवाहिन्यांत चुना, हिंगूळ आणि पेट्रोलियमचं मिश्रण भरून चित्र घेतलं. त्याला ५७ मिनिटं लागली. रक्तवाहिन्यांचं ते पहिलं क्ष-किरण चित्र. निर्जीव हात ५७ मिनिटं हलत नाही. चौदा महिन्यांचं पोर पाच सेकंद स्थिर राहत नाही.

म्हणून त्याला गुंगी किंवा भूल द्यावी लागते. आधी काही तास उपाशी ठेवायचं. स्कॅनची खोली थंड असते, मशीनसाठी थंड ठेवावीच लागते, आणि थंडीने बोटाच्या धमन्या आकसतात. बाळाच्या हाताला लागते बारीक, पिवळी कॅन्युला. तिच्यातून औषध जोराने सोडता येत नाही. आणि जी धमनी बघायची ती बाळाच्या बोटात एक मिलिमीटरपेक्षाही बारीक. चित्रात ती एका जागी दिसते, पुढे पुसट होते, मग तुटते. रिपोर्टमध्ये लिहून येतं, "अमुक बाजूची धमनी स्पष्ट दिसत नाही." धमनी नाही म्हणून दिसत नाही, की थंडीने आकसली म्हणून, की मशीनच्या नजरेपलीकडची म्हणून? हा कागद हातात पडल्यावर घाबरलेला सर्जन ऑपरेशन आणखी पुढे ढकलतो, किंवा मुलाला आणखी मोठ्या शहरात पाठवतो.

किरणांची भीती मी मुद्दाम वाढवून सांगणार नाही. हाताचं स्कॅनिंग नीट केलं तर डोस कमी असतो. एकाच छोट्या भुलेने मुलाच्या मेंदूला इजा होते असंही सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा २०१६ चा इशारा तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांपेक्षा जास्त दिल्या जाणाऱ्या भुलेबद्दल होता. पण त्याच प्रशासनाने २०२२ मध्ये आणखी एक सूचना केली: तीन वर्षांखालच्या मुलाला आयोडीनयुक्त औषध शिरेतून दिलं तर तीन आठवड्यांच्या आत थायरॉइड तपासायचा विचार करावा. किरनापूरच्या आजीला ती चिठ्ठी देताना हे कुणी सांगितलं होतं का? मी विचारलं. तिला थायरॉइड हा शब्दही माहीत नव्हता.

आणि पैसे. आयुष्मान कार्ड वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचं आहे, ते राज्याबाहेरच्या यादीतल्या रुग्णालयातही चालतं, ही मोठी सोय आहे. पण ते भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. तपासण्यांचा खर्च त्यात येतो तो भरतीच्या आधीच्या ३ दिवसांचा. चार महिने आधी, बाहेरच्या सेंटरवर, "करून मग या" म्हणून सांगितलेला फोटो कार्डाच्या बाहेरच राहतो. ऑपरेशन मोफत आणि ऑपरेशनच्या दाराशी पैशाचा अडसर, अशी ही अवस्था आहे.

फोटो मागण्याचं एक कारण डॉक्टरांच्या सभेत बोललं जात नाही, चहाच्या वेळी बोललं जातं: कोर्ट. १९९५ च्या शांता खटल्यापासून डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले आणि तेव्हापासून "तपासणी करून ठेवलेली बरी" ही सवय वाढत गेली. ती भीती मी समजू शकतो, मलाही वाटते. पण सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये मापदंडही घालून दिला आहे: त्या काळी व्यवसायात मान्य असलेल्या पद्धतीने वाजवी काळजी घेतली की नाही. फोटो काढून निष्काळजीपणे ऑपरेशन करणाऱ्याला तो फोटो वाचवणार नाही. टेबलावर काय बघितलं, काय केलं, हे त्याच दिवशी लिहून ठेवणारा तिथे ताठ उभा राहू शकतो.

फोटो कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. अपर्ट सिंड्रोमच्या मुलात, जिथे सगळा हात गुलाबकळीसारखा मिटलेला असतो, हाडं एकमेकांत मिसळलेली असतात आणि फाटा कुठे असेल याचा अंदाज बांधता येत नाही, तिथे रक्तवाहिन्यांचं चित्र बेताला मदत करू शकतं. गर्भातल्या पट्ट्यांनी आवळून बोटं टोकाशी चिकटलेली असतात तिथे, किंवा हात एकंदरच लहान आणि अविकसित असतो तिथेही विचार करावा. त्यातही आधी साधा डॉप्लर वापरावा. पेनाएवढं ते यंत्र बोटाच्या कडेला टेकवलं की धमनीचा सळसळता आवाज ऐकू येतो. आईच्या मांडीवर दूध पिणाऱ्या मुलावरही ते चालतं. रंगीत डॉप्लर सोनोग्राफीला ना भूल लागते ना शिरेतून औषध.

आणि चौथी जागा: आधी एकदा ऑपरेशन झालेला हात. इथे माझी एक जुनी सल सांगतो. काही वर्षांपूर्वी कटंगीकडची सात वर्षांची मुलगी आली. दोन वर्षांची असताना दुसरीकडे तिची एक बेचकी सोडवली होती, शेजारची माझ्याकडे सोडवायची होती. डिस्चार्ज कार्डावर तारीख होती, गोळ्यांची नावं होती, आणि ऑपरेशनच्या रकान्यात इंग्रजीत दोन शब्द: बोटं सोडवली. धमनीची एखादी फांदी बांधली होती का, कुठल्या बोटाची, काहीही नाही. मधल्या बोटाची एक कड पाच वर्षांपूर्वी बंद केलेली असेल आणि मी दुसरी बंद केली असती, तर ते बोट गेलं असतं. त्या मुलीला मी स्वतः तपासणीसाठी पाठवलं. तिच्या बापाचे दोन दिवस आणि पैसे गेले ते एका न लिहिलेल्या ओळीपायी. जे लोक प्रत्येक मुलाला अँजिओग्राफी सक्तीची करा म्हणतात त्यांनी आधी ही ओळ सक्तीची करावी. मी त्यांच्याबरोबर उभा राहीन.

मला खरा राग येतो तो लक्ष भलतीकडे वळवलं जातं याचा. एकेक कड उघडण्याचा नियम पाळला तर बोट काळं पडणं फार विरळा. जे वारंवार बिघडतं ते कातडीचं असतं. एक सोपा प्रयोग करून बघा. सारख्या जाडीच्या दोन गोल काड्या शेजारी ठेवून भोवती दोरा गुंडाळा आणि मोजा. मग दोन्ही काड्यांना वेगवेगळा गुंडाळा. दुसऱ्या वेळी जवळजवळ २२ टक्के जास्त दोरा लागतो. जोडलेली बोटं वेगळी केली की तेवढी कातडी कमीच पडणार. ती ओढून शिवली तर व्रण आकसतो आणि बोट वाकडं होतं, म्हणून जांघेतून पूर्ण जाडीची कातडी घेऊन लावतात. तीही बाजूच्या, पुढे केस न येणाऱ्या भागातून घ्यावी, नाहीतर वयात आल्यावर बोटांच्या बेचकीत केस उगवतात. हे कलम भिजलं, सुटलं, पिकलं की बेचकी वर्षावर्षाने पुन्हा टोकाकडे चढत जाते. पावसाळ्यात, चिखलात, अंगणवाडीच्या फरशीवर रांगणाऱ्या मुलाचं ते ड्रेसिंग कोण सांभाळणार? तपासणीला मूल परत येईल का? इथल्या मुलांचे हात ठरतात ते या प्रश्नांवर.

आणखी एक गोष्ट. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या ३० आजारांच्या मूळ यादीत दुभंगलेला ओठ आहे, वाकडं पाऊल आहे. जोडलेली बोटं नाहीत. दोन-तीन हजार जन्मांत एकदा दिसणारा हा दोष आहे, मुलग्यांत मुलींच्या दुप्पट. मलाजखंडच्या खाणवस्तीत किंवा वारासिवनीजवळच्या खेड्यात मूल जन्मलं की दाई ते बघते, आणि पहिला ठपका सुनेवर येतो की ग्रहणात बाहेर पडली असेल. गर्भाची बोटं वेगळी होतात ती सहाव्या ते आठव्या आठवड्यात. त्या वेळी कितीतरी बायकांना दिवस गेल्याची खात्रीही नुकती पटलेली असते. दोष घराण्यातून येत असला तर बापाकडूनही येऊ शकतो. त्या आजीबरोबर सून आली नव्हती. का, हे मी विचारलं नाही, पण मला माहीत होतं. या मुलांना शोधून वर्ष-दीड वर्षाच्या आत सर्जनसमोर आणायची यंत्रणा आपल्याकडे नाही. अनामिका-करंगळी किंवा अंगठा-तर्जनी जोडलेली असतील तर त्याहूनही लवकर आणायला हवं, कारण लांब बोट आखूड बोटाबरोबर वाकत जातं. बाहेर ही स्थिती असताना आपण जे मूल कसंबसं दारात पोचलं त्याच्या हातात चिठ्ठी देऊन त्याला परत पाठवतो.

डॉ. नोशिर अंतिया इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आले, मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि कुष्ठरुग्णांच्या हातांवर आयुष्यातली कितीतरी वर्षं घालवली. उत्तम शस्त्रक्रिया साध्या साधनांनी, साध्या लोकांसाठी करता येते, हे त्यांनी बोलून नाही, करून दाखवलं. महागड्या यंत्रांनी डॉक्टरकी गरिबापासून लांब जाते, हा त्यांचा इशारा आज माझ्या ओपीडीत घडी घातलेल्या चिठ्ठीच्या रूपाने येतो.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात त्या मुलाचं ऑपरेशन केलं. फाटा थोडा पुढे होता, बेचकी त्याच्या अलीकडे आणता येत नव्हती. अनामिकेकडे जाणाऱ्या फांदीवर क्लॅम्प लावला, टूर्निकेट सोडलं, थांबलो. सव्वा मिनिटाने नख गुलाबी झालं. फांदी बांधली. डिस्चार्जच्या दिवशी कार्डावर इंग्रजीत लिहिलं आणि खाली मराठीत आणि हिंदीतही: "उजवा हात. मधलं बोट: दोन्ही धमन्या शाबूत. अनामिका: मधल्या बोटाकडची धमनी बांधली आहे, करंगळीकडची एकच चालू आहे. पुढे कधीही ती बाजू उघडण्याआधी हे वाचावं." आजीने ते मला दोनदा वाचायला लावलं. मग कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, आणि पिशवी पदराच्या गाठीजवळ खोचून म्हणाली, "हे आता याच्या लगनापावतर जपून ठेवाचं ना साहेब?"

मी म्हटलं, त्यानंतरही.